व्यक्तिमत्त्व बघण्याचा कार्यक्रम

बापूसाहेब सरांच्या हाताखाली कुंडलिक दोनदा नापास झाला होता, आणि दोन्ही वेळा चांगुलपणामुळं.

शाईच्या डागांची चाचणी सर अशी शिकवत : समोरच्याला एकेक कार्ड द्यायचं, यात काय दिसतं एवढं विचारायचं आणि मग दगड व्हायचं. डाग हे नुसते डाग असतात. त्यांत कुणाला काय दिसतं त्यावरून माणसाचा स्वभाव काढायचा. समोरच्यानं उलट काहीही विचारलं, तरी उत्तर एकच : "तुम्हाला जसं वाटेल तसं." सुचवायचं नाही, समजावायचं नाही, हसायचं नाही. पहिल्या वेळी एका पेशंटला वटवाघूळ दिसलं आणि कुंडलिकच्या तोंडून 'शाब्बास' निघून गेलं. दुसऱ्या वेळी तो गप्प होता, पण सरांनी शेरा मारला : मानेनं सुचवलं.

आता तिसरी वेळ, आणि ती शेवटची. पास झाला तर बारामतीच्या दवाखान्यात मानसशास्त्रज्ञाची जागा. नाहीतर कऱ्हाटीला थोरल्या भावाच्या गुऱ्हाळात उकळत्या रसाच्या काहिलीपुढं उभं राहायचं, आणि तिथं काय दिसतं हे कुणी विचारत नसतं.

या खेपेला सरांना धडधाकट माणूस हवा होता, दवाखान्याबाहेरचा. निरवांगीला बालवाडी चालवणारी मनिषा कुंडलिकला एका शिबिरात भेटली होती, ती तयार झाली. रविवारी सर आणि कुंडलिक स्कूटरवरून निघाले. सरांनी वाटेत बजावलं, की मी तिथं नाही असंच समजायचं. मी बोलणार नाही, फक्त गुण देणार.

घरी पोचले तर अंगण सारवलेलं, ओसरीवर सतरंजी, आणि मनिषाचे आजोबा म्हस्कू आबा नवा फेटा बांधून बसलेले. चुलत्यांपैकी जेवढे गावात होते तेवढे सगळे भिंतीला टेकून होते. मनिषाची आई गोजरबाई पोह्यांच्या बशा घेऊन आली. सरांनी, आपण तिथं नाही हे लक्षात ठेवून, निमूटपणे दोन बशा संपवल्या.

मग साडीतली मनिषा येऊन बसली. कुंडलिकनं कार्डं काढता काढता हळूच विचारलं, की ही एवढी माणसं कशाला.

"मी आईला सांगितलं हुतं, माझं व्यक्तिमत्त्व बघायला येणारेत म्हणून," मनिषा म्हणाली. "आई म्हणली, त्ये तर बघत्यातच. पण आधी साडी नेस."

कुंडलिकच्या लक्षात आलं. घरच्यांनी वाक्यातलं 'बघायला' तेवढं ठेवून घेतलं होतं. एका शब्दात सगळा गैरसमज मिटला असता, पण पलीकडं सरांनी पेनाचं टोपण काढलं होतं. समजावायचं नाही म्हणजे नाही.

आबांनी चौकशी चालू केली. मुलानं समोर डाग मांडलेत याचं त्यांना काही वाटलं नाही. आधीचं एक स्थळ कुंडली बघणारा घेऊन आलं होतं, त्याच्याकडंही अशीच चित्रं होती. देण्याघेण्याचं कसं करायचं, असं त्यांनी विचारलं.

"तुम्हाला जसं वाटेल तसं," कुंडलिक म्हणाला.

चुलते भिंतीपासून सुटे झाले. लग्न कुणाच्या दारात करायचं, असं एकानं विचारलं. कुंडलिकनं मनिषापुढं एकेक कार्ड धरत पुन्हा तेच सांगितलं. मानपान? तेच. गोजरबाईंनी डोळ्याला पदर लावला. वराकडची माणसं इतकी मऊ असू शकतात हे त्या घराला माहीत नव्हतं. कोपऱ्यात सर भराभर गुण देत होते.

आबा पुढं सरकले. "पावणं, आता शेवटचं. पोरगी पसंत हाय का?"

कुंडलिकनं सरांच्या पेनाकडं बघितलं. पेन थांबलं होतं. वेळ काढायला म्हणून त्यानं मनिषाच्या हातात पुढचं कार्ड दिलं.

तिनं ते बराच वेळ निरखलं. "दोन माणसं हायेत," ती म्हणाली. "समोरासमोर बसल्यात. एक मेला बोलाय तयार न्हाय, आन् दुसरीचं हितं परस्पर लगीन लावायलेत."

डागाच्या मधोमध खरंच तसं काहीतरी होतं. कुंडलिकनं कार्ड काढून घेतलं, खाली ठेवलं आणि म्हणाला, "आबा, मी मुलगी बघायला आलो नाही. मी नोकरीच्या परीक्षेला आलोय. हे माझे परीक्षक."

सरांनी खाकरून, दोन तासांत पहिल्यांदाच, आपण तिथं असल्याचं मान्य केलं.

"नापास," ते म्हणाले. "घरच्यांना माहिती पुरवली."

आबांनी जरा विचार केला. "म्हंजी नोकरी न्हाय?"

"नाही."

"मग स्थळ बी न्हाय," आबा म्हणाले, आणि फेटा काढून मांडीवर ठेवला. चुलते एकेक करून उठले. गोजरबाईंनी बशा गोळा केल्या. सरांची तिसरी बशी अर्धी होती, तीही नेली.

मागणी न घालता मोडलेलं लग्न आणि न मिळता गेलेली नोकरी, दोन्ही एकाच सतरंजीवर. कुंडलिक कार्डं पिशवीत भरायला लागला.

"आवं, अजून निम्मी ऱ्हायल्यात की," मनिषा म्हणाली. "मी साडी कशापायी नेसले?"

सर स्कूटरची किल्ली हातात घेऊन दारात उभे होते. कुंडलिक परत बसला. त्यानं कार्ड उचललं, तिच्यासमोर धरलं, आणि तिनं काही बोलायच्या आत, सरांच्या देखत सांगून टाकलं की त्याला यात बोकड दिसतो.

"बोकडच हाय," मनिषा म्हणाली. "पर तुमी उलटा धरलाय."