डोंगळ्याचा झेंडा

देवळा तालुक्यातून येऊन नाशकात स्थायिक झालेल्या देवळेकरांच्या मंडळाला तालुक्याचा म्हणून एक झेंडा हवा होता. शिवायचं काम आलं तेजलकडे, आणि "नक्षीही तूच काढ" म्हणून तेही तिच्याच गळ्यात पडलं. ती जन्माने नाशिककर, देवळ्याची सून. आपण तिथल्या झालो की अजून पाहुण्याच आहोत, हे तीन वर्षांत तिला उमगलं नव्हतं. झेंडा मंडळाला आवडला तर उमगेल, असं तिला वाटत होतं.

तान्ही आभा झोपली की ती मशीनवर बसायची. खाली काळी माती, वर निळं आभाळ, मधोमध हिरव्या दांड्यावर कांद्याचं चेंडूसारखं पांढरं फूल. सासूच्या, सुलाबाईंच्या वावरात तिने ते पाहिलं होतं, मधमाश्यांनी गजबजलेलं.

बैठकीत झेंडा उलगडला आणि अध्यक्ष पुंजाराम हसायलाच लागले.

"सूनबाई, हा तर डोंगळा. कांद्याला डोंगळा आला म्हणजे कांदा गेला कामातून, व्यापारी हात लावत नाय. आन तुम्ही तोच झेंड्यावर चढवला?"

सगळी खोली हसली. तेजलला हे ठाऊकच नव्हतं. तापल्या कानांनी ती झेंडा गुंडाळू लागली.

"ऱ्हाऊ दे गं तसाच." आभाला मांडीवर घेऊन बसलेल्या सुलाबाई बोलल्या. "भाऊजी, यंदा गावाकडं तुमचं कांद्याचं रोप कोणाच्या बियाचं हाय?"

"तुमच्याच की, वहिनी."

"मंग ते बियाणं मी कशातून झाडलं?"

"डोंगळ्यातूनच," पुंजाराम पुटपुटले.

"बाजारच्या कांद्याला डोंगळा आला तर नुकसान, खरंय. पण दरसाल निवडक कांदा आपण परत मातीत लावतो, तो डोंगळ्यासाठीच ना? नुसता कांदा चितारला असता, तर लोकांनी झेंड्याचा भाव विचारला असता."

आता हसू पुंजारामांकडे वळलं. त्यांनी चष्मा लावून झेंडा जवळून पाहिला.

"दांडा मात्र चुकला. असा सरळसोट नसतो तो, मधे फुगीर पायजे."

"पोटुशा बाईसारखा," सुलाबाई म्हणाल्या. त्यांनी तेजलच्या पिशवीतला शिवणाचा खडू घेतला आणि कापडावर एका दमात रेघ ओढली. त्या हाताने कधी पेन्सिल धरली नव्हती. तेजल बघतच राहिली.

"एखादी मधमाशी पण काढा," पुंजाराम म्हणाले.

"नको, काका," तेजल म्हणाली. "फडफडत्या झेंड्यावर दुरून दिसायची नाही. आपल्याकडे देवळ्यात वारा फार."