डचमळणारा वायू

स्थायू, द्रव आणि वायू हे तीन शब्द शिकवायला आठ दिवस लागावेत, याचा नीलिमाबाईंना स्वतःचाच राग येत होता. रहिमतपूरजवळच्या शाळेत चौथीचा वर्ग त्यांच्याकडे. मागच्या खेपेला केंद्रप्रमुखांनी शेरेबुकात ‘विज्ञान कच्चे’ असं लिहून ठेवलेलं, आणि शुक्रवारी ते पुन्हा येणार होते. यंदा चांगला शेरा मिळवायचाच, असं बाईंनी ठरवलं होतं.

वीट स्थायू, दूध द्रव, इथवर सगळं सुरळीत. गॅस आला की शिवांजली आडवी यायची. वर्गातली सगळ्यात चुणचुणीत पोरगी, पण महाहट्टी.

“बाई, गॅस द्रव हाय.”

“अगं, गॅस म्हणजेच वायू. किती वेळा सांगू?”

“पर आमची आजी टाकी हलवून बघती, किती उरलाय ते. आत डचमळतंय की. वारं कुठं डचमळतंय व्हय?”

सांगून सांगून बाईंच्या तोंडाला फेस आला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. गुरुवारी शेवटी त्या कडाडल्या, “पुस्तकापेक्षा तुझी आजी शहाणी का? दहा वेळा लिही, गॅस वायू आहे.” पोरीनं मान खाली घालून दहा वेळा लिहिलं. सुटले एकदाची, असं बाईंना वाटलं.

शुक्रवारी साहेब आले. वीट झाली, दूध झालं. मग त्यांनी घरातला गॅस विचारला, आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, “वायू.”

“बरं,” साहेब म्हणाले, “मग टाकी हलवली की आत डचमळतं ते काय?”

गॅस दाबून भरला की टाकीत त्याचा द्रव होतो, हे बाई कधीकाळी शिकल्या होत्या, आणि आठवलं ते नेमकं आत्ता. साहेबांचं बोट शिवांजलीकडे गेलं. बाईंनी तिला डोळ्यांनीच खुणावलं, बोल बाई, बोल.

शिवांजलीनं त्यांच्याकडे बघितलं आणि हाताची घडी घातली. “वायूच, सर. मी धा येळा लिवलंय.”

साहेबांनी शेरेबुक पुढं ओढलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“सर, ते द्रवच आहे,” त्या म्हणाल्या. “ही आठ दिवस मला तेच सांगतेय. मीच ऐकलं नाही. शेरा माझ्या नावानं लिहा.”

शिवांजलीनं हळूच वही उघडली.

“मंग बाई, हे धाच्या धा खोडू का?”