मॅडमचा आवाज

वडीगोद्रीत हायवेला लागून मच्छिंद्रचं मोबाइल रिपेरिंगचं दुकान आहे. तिथं जितके फोन दुरुस्त होतात तितकीच माणसं बनवली जातात, असं गावात म्हणतात आणि ते खोटं नाही. मच्छिंद्र पंचेचाळिशीचा, पोट सुटलेलं, मिशा झुबकेदार. पण गळा असा की डोळे मिटून ऐकलं तर समोर विशीतली पोरगी उभी आहे असं वाटावं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये बाईचं काम कायम त्याच्याकडं. मोठा झाल्यावर नाटकं सुटली, फोन सुटला नाही. एकदा गॅस एजन्सीची मॅडम होऊन त्यानं सरपंचाला रिकामी टाकी खांद्यावर घेऊन भर उन्हात चौकात उभं केलं होतं. सरपंच अजून त्याच्याशी नीट बोलत नाही, आणि मच्छिंद्रला ते एखाद्या बक्षिसासारखं वाटतं.

तातेराव त्याचा पहिलीपासूनचा दोस्त. जालन्याला एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात कामाला, रोज एसटीनं ये-जा. दिवाळीनंतर मालाला उठाव राहिला नाही, तेव्हापासून भट्टी आठवड्यातून चार दिवस पेटायची आणि पगारही चारच दिवसांचा निघायचा. तरी तातेराव कुरकुरायचा नाही, कारण त्याची रूपाली इंजिनियर झाली होती. पुण्याच्या कॉलेजसाठी बँकेतून शिक्षणाचं कर्ज काढलं, त्यावर रूपालीच्या सहीखाली तातेरावची सही. नोकरी लागली की मगच हप्ता सुरू होईल, असं घरात सगळे धरून होते. कॉलेजातूनच एका कंपनीनं तिला निवडलं, पत्र आलं, तातेरावनं गल्लीत पेढे वाटले. मग कंपनीचा मेल आला की बाजारात मंदी आहे, जॉइनिंगचं नंतर कळवू. ते नंतर काही आलं नाही. रूपाली घरी परत आली आणि ओट्यावर दहावीच्या पोरांची शिकवणी घ्यायला लागली.

अशात एका संध्याकाळी कल्याण चहावाल्याच्या हॉटेलात सगळी मंडळी बसली होती. तातेराव जरा गप्प होता. मच्छिंद्रला गप्प माणूस दिसला की त्याची जीभ खाजते. तो हॉटेलच्या मागं गेला, दुसरं सिमकार्ड काढलं आणि तातेरावला फोन लावला.

मॅडमचा आवाज एकदम गोड. म्हणाली, मी बँकेच्या हेड ऑफिसवरून बोलतेय, तुमच्या मुलीचा हप्ता सुरू झाला नाही, तेव्हा तिची डिग्री जप्त करायला उद्या शिपाई येईल, भिंतीवरून काढून ठेवा, फ्रेमसकट.

इकडं तातेराव बाकड्यावरून उठून उभा राहिला होता. घाम पुसत, हात जोडून म्हणाला, "मॅडम, डिग्री न्यायची तर न्या. पन फ्रेम आमची हाय. फ्रेमचे पैसे म्या दिलेत."

हॉटेलात हशा फुटला. कल्याणच्या हातातली किटली हलायला लागली. मच्छिंद्र फोन कानाला लावूनच मागून बाहेर आला, त्याच आवाजात "बरं, फ्रेम ठेवा तुम्हाला" म्हणत. तातेरावचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल, आणि मग तोही हसला. तो तसाच माणूस होता. आपल्यावरचा विनोदही पुन्हा पुन्हा सांगायचा.

गोष्ट इथं संपली असती तर ती गावच्या इतर गोष्टींसारखी जुनी झाली असती.

पंधरवड्यानं तातेराव हॉटेलात आला तो छाती काढूनच. म्हणाला, मच्छ्यानं आज परत मॅडमचा फोन केल्ता, पण आता तातेराव फसतो का? मॅडम म्हणत होती की अर्ज द्या, हप्त्याला मुदत मिळेल. मी म्हनलं, बाई, आधी लिपस्टिक लावून ये, मंग देतो अर्ज.

सगळे मच्छिंद्रकडं बघायला लागले. मच्छिंद्रनं तो फोन केला नव्हता.

त्याच्या मनात तेव्हाच एक काटा हलला. मुदत, अर्ज, असले शब्द त्याच्या नाटकात कधी नसतात. त्याच्या नाटकात शिपाई असतो, ढोल असतो, फ्रेम असते. पण कल्याणनं त्याच्यापुढं न मागता मलई घातलेला चहा ठेवला होता, चार माणसं दाद द्यायला तयार बसली होती, आणि तातेराव त्याच्या मांडीवर थाप मारून म्हणत होता, "या वक्ताला तर आवाज लयच बराबर काढला राव. जरा बी मिशी दिसली न्हाई."

मच्छिंद्रनं मिशीवरून हात फिरवला. "आता काय करावं," तो म्हणाला, "कला हाय."

त्यानंतर मॅडमचे आणखी फोन आले. तातेरावनं प्रत्येक वेळी जास्त झणझणीत उत्तर दिलं आणि प्रत्येक वेळी हॉटेलात येऊन सांगितलं. मच्छिंद्र प्रत्येक वेळी हसला. घरी जाताना मनाशी म्हणायचा, असतील कुणी क्रेडिट कार्डवाल्या पोरी, सगळ्यांनाच करतात फोन. उद्या सांगू तात्याला. उद्या आला की दुकानात गिऱ्हाईक असायचं, नाहीतर तातेरावची कारखान्यात पाळी असायची, नाहीतर मच्छिंद्रला आठवायचं नाही. न आठवणं हे त्याला फार छान जमायचं.

मग एका बुधवारी रूपाली दुकानात आली, कागदांच्या प्रिंट काढायला. डोळे सुजलेले. मच्छिंद्रनं नेहमीसारखं इंजिनियर साहेब म्हणून हाक मारली, ती हसली नाही. प्रिंटर चालू होता तोवर तिनंच सांगितलं. संभाजीनगरच्या एका फायनान्स कंपनीत तिची निवड झाली होती, या मंदीत, शंभरातून मोजक्यांची. पण पैशाचं काम करणारी कंपनी, म्हणून त्यांनी कर्जाचा रेकॉर्ड तपासला. तिच्या कर्जाचे हप्ते थकलेले निघाले. शुक्रवारपर्यंत खातं सुरळीत झाल्याचं बँकेचं पत्र आणा, नाहीतर यादीतल्या पुढच्याला बोलावू, असं कंपनीनं कळवलं होतं.

"बँकवाले म्हणतात, मुदतवाढ मिळत होती, आम्ही फोन केल्ते," ती म्हणाली. "माझा पुण्याचा नंबर बंद झाला, म्हणून पप्पांच्या नंबरवर केल्ते म्हणं. पप्पा म्हणतात एक पण आला न्हाई. पप्पा खोटं बोलत न्हाईत, काका. बँकच खोटं बोलून राह्यली."

मच्छिंद्रच्या हातात एका फोनचा बारीक स्क्रू होता. तो कुठं पडला ते त्याला अजून सापडलेलं नाही.

रूपाली गेल्यावर त्यानं शटर अर्धं ओढलं. आयुष्यभर जी गोष्ट हाताशी होती तीच पुन्हा वापरून बघावी, असं त्याला वाटलं. तातेरावचा आवाज तर तो झोपेतही काढायचा. शाखेत फोन करायचा, तातेराव म्हणून माफी मागायची, मुदत मागायची, पत्र मागायचं. कुणाला काही कळायचं काम नाही. त्यानं घसा साफ केला आणि बँकेला फोन लावला. कर्जाचं काम बघणाऱ्या सुरुची मॅडम, असं म्हणत कुणीतरी फोन पुढं दिला.

"मॅडम, म्या तातेराव बोलून राह्यलो, वडीगोद्रीवरून," तो म्हणाला. आवाज अगदी जसाच्या तसा.

पलीकडून एक थकलेला, तरुण, खराखुरा बाईचा आवाज आला. "सर, मी तुमच्या मुलीसाठी पुन्हा पुन्हा फोन केले. तुम्ही मला काय काय बोललात, ते आठवतं का तुम्हाला? माझ्या जागी तुमची मुलगी असती तर?"

ते सगळं बोलणं मच्छिंद्रला तोंडपाठ होतं. हॉटेलात तेच ऐकून तो खो खो हसला होता. तातेरावच्या आवाजात उत्तर द्यायला त्यानं तोंड उघडलं, आणि गळ्यातून तातेराव निघेना, मॅडम निघेना, मच्छिंद्रही निघेना. त्यानं फोन ठेवला.

तो चालतच तातेरावच्या घरी गेला. त्या दिवशी भट्टी बंद होती, तातेराव घरीच होता. रूपाली आतल्या खोलीत. तातेरावची बायको बेबीनंदा ओट्यावर मेथी निवडत होती. तिनं नेहमीसारखं, या भाऊजी, म्हणून पाट सरकवला. भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोच्या शेजारी ती डिग्री, सोनेरी फ्रेममध्ये. मच्छिंद्रनं तिकडं बघायचं टाळलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. डिग्री जप्तीचा तेवढा फोन माझा होता. नंतरचे माझे नव्हते. ते बँकेचे होते.

तातेराव हसला. "चल, आता रडायचं बी नाटक काढलं का?"

"नाटक न्हाई, तात्या."

"बस, चहा घे. पोरीचं आधीच टेन्शन हाय, त्यात तू."

तीन वेळा सांगावं लागलं. खरं बोलायला एवढी मेहनत लागते, हे मच्छिंद्रला पंचेचाळिशीत कळलं. शेवटी त्यानं स्वतःचा फोन उघडून दाखवला, त्या दुसऱ्या सिमवरून तातेरावला गेलेला कॉल एकच. बेबीनंदाचा मेथीवरचा हात थांबला. आतल्या दारात रूपाली येऊन उभी राहिली.

तातेरावनं फोन हातात घेऊन यादी वरखाली करून बघितली. चिडेल, अंगावर येईल, असं मच्छिंद्रला वाटलं. यावंच, असंही वाटलं. पण तातेरावनं अगदी हळू विचारलं, "मंग म्या हॉटेलात सांगितलं, तव्हा फोन माझा न्हाई, असं तू कामून न्हाई म्हनला?"

मच्छिंद्रकडं उत्तर होतं. ते एवढंच होतं की चार माणसं बघत होती आणि चहावर मलई होती. हे कुणाला सांगायचं?

तो म्हणाला, थकलेले हप्ते मी भरतो. दुकानात जुने फोन दुरुस्त करून विकायला ठेवलेत, ते एकदम काढून टाकतो. तातेराव म्हणाला, तुझा पैसा नको. तेव्हा बेबीनंदा पहिल्यांदा बोलली.

"नको कामून? घ्यायचा," ती नवऱ्याला म्हणाली, आणि मग मच्छिंद्रकडं न बघता, "खेळ तुम्ही केला भाऊजी, तिकीट आमच्या पोरीनं काढलं. आता तुम्ही काढा."

जुने फोन त्यानं त्याच संध्याकाळी जालन्याच्या एका व्यापाऱ्याला पडत्या भावात दिले. दुसऱ्या दिवशी तिघं बँकेत गेली. तातेराव पुढं, रूपाली मधे, मच्छिंद्र मागं. सुरुची मॅडम रूपालीपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठी असेल. पैसे भरले की हप्ते मार्गी लागतील, ती म्हणाली, पण खात्यावर मी शेरा लिहिला आहे, की कर्जदाराचे वडील सहकार्य करत नाहीत, घाण बोलतात. साहेबांपुढं पत्राला सही मागायची तर तो शेरा काढायला कारण लागेल.

तातेरावनं हात जोडले. "मॅडम, मला वाटलं तुम्ही म्हंजी हा मच्छ्या हाय."

मॅडमनं मच्छिंद्रच्या मिशांकडं पाहिलं. हा माणूस माझ्यासारखा बोलतो, असं साहेबांना सांगू का, तिनं विचारलं. तिला वाटलं हे दोघं मिळून पुन्हा तिची थट्टा करतायत, आणि तिचे डोळे भरायच्या बेतात आले.

मग मच्छिंद्र पुढं झाला. भर शाखेत, पासबुक भरायला उभ्या असलेल्या रांगेपुढं, त्यानं तोच आवाज काढला. नमस्कार, मी हेड ऑफिसवरून बोलतेय. डिग्री भिंतीवरून काढून ठेवा, फ्रेमसकट. इतका स्वच्छ आवाज त्याच्या गळ्यातून आधी कधी निघाला नव्हता. रांगेतली माणसं हसायला लागली, कॅशियर काचेमागून उठून बघायला लागला, दारावरचा गार्ड तोंडावर हात धरून वळला. जन्मभर ज्यासाठी तो जगला ते सगळं तिथं होतं, आणि त्याला वाटत होतं, कुणीतरी या लोकांना गप्प करा. तातेराव फरशीकडं बघत होता. रूपाली बापाचा हात धरून होती.

सुरुची मॅडम हसली नाही. तिनं कागद पुढं ओढला आणि शेरा बदलायला घेतला.

पत्र मिळालं, शुक्रवारी कंपनीत पोचलं. कंपनीनं रूपालीला घेतलं, पण सांगितलेल्या जागेवर नाही. तिथं पत्राची वाट न बघताच पुढच्या माणसाला बोलावणं गेलं होतं. तिला खालची जागा, खालचा पगार. हप्ता जाऊन खोलीभाडं आणि डबा जेमतेम भागेल एवढा. मंदीत हेही काही कमी नाही, असं कल्याण म्हणाला. मच्छिंद्रनं मान हलवली नाही.

जायच्या आदल्या दिवशी रूपाली दुकानात फोनला काच बसवून घ्यायला आली. लहानपणापासून तिनं या दुकानात कधी पैसे विचारले नव्हते. काच बसल्यावर तिनं विचारलं, "किती झाले, काका?"

तो म्हणाला, राहू दे. तिनं नोट काउंटरवर ठेवली, उडू नये म्हणून वर त्याचाच स्क्रूड्रायव्हर ठेवला, आणि गेली.

संध्याकाळी त्याला राहवलं नाही. पोरगी उद्या किती वाजता निघते, स्टँडवर सोडायला गाडी आणू का, एवढंच विचारायचं होतं. त्यानं तातेरावला फोन लावला, स्वतःच्याच नंबरवरून, स्वतःच्याच आवाजात. तातेरावच्या फोनमध्ये त्याचं नाव वर्षानुवर्षं साठवलेलं आहे, फोन वाजला की मोठ्या अक्षरात दिसतं.

"जी सर, बोला," तातेराव म्हणाला.

"तात्या, मी हाय."

"जी सर. हप्ता बराबर टायमाला भरू, सर. काळजी करू नका," तातेराव म्हणाला, अगदी अदबीनं, आणि मच्छिंद्र पुढं काही बोलायच्या आत फोन बंद झाला.