पट्ट्याला तेल

मनुष्यजातीचा ऱ्हास सायकलला मोटर बसली त्या दिवशी सुरू झाला, आणि ज्याचा स्वतःच्या पायांवर भरवसा उरला नाही त्याने सायकलचं नाव घेण्याचा हक्क गमावला. हे वाक्य माझं आहे. आमच्या शनिवारच्या सायकल मंडळाच्या नियमावलीत, मोटरला बंदी घालणाऱ्या सातव्या नियमाच्या डोक्यावर ते जाड अक्षरांत छापलेलं आहे. गेल्या मंगळवारी मी बॅटरीवर चालणाऱ्या मोटरची सायकल विकत घेतली.

घेतली म्हणजे घ्यावी लागली, आणि सही करताना मी इतका संतापलो होतो की पेनाचं टोक पावतीतून आरपार गेलं.

सगळं गुडघ्यामुळे झालं. चौतीस वर्षं मी मिनियापोलिसमध्ये दारोदार टपाल वाटलं, आणि निवृत्त झाल्यावर गुडघ्याने मागची सगळी थकबाकी एकदम मागितली. डॉक्टर म्हणाले, बसने फिरा. मी घरी येऊन जाहीर केलं की बसमध्ये पाऊल ठेवणार नाही. माझी बायको आर्डिस बटाटे सोलत होती.

"मग मोटरची घे," ती म्हणाली.

"मेलो तरी घेणार नाही."

"मेल्यावर लागणारच नाही, रोल्फ. आत्ता लागतेय."

मी कायदेशीर पळवाट शोधली. आमच्याकडे प्रत्येकाची एक दुसरी सायकल असते. पहिली लाडाची, ती पहिल्या बर्फाला गॅरेजच्या छताला टांगायची. दुसरी हिवाळ्याची, तिने मार खायचा. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ एका मोसमात चेन खाऊन टाकतं. तेव्हा मी दुसरी सायकल बदलतोय, पहिलीला हात लावलेला नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली.

दुकानातली पाकू नावाची पोरगी फार गोड बोलत होती, त्यामुळे मला आणखी राग आला.

"हिला चेनच नाही, सर. पट्टा आहे. गंजत नाही, मिठाने काही होत नाही."

"चेन नसलेल्या सायकलला सायकल म्हणायचं कशावरून?"

"दोन चाकं आहेत की," ती म्हणाली. मग तिने बॅटरीबद्दल, थंडीबद्दल आणि पट्ट्याबद्दल बरंच काही सांगितलं. मी मान डोलावत होतो. ऐकत नव्हतो. हार्लनच्या घरावरून ही सायकल घरी न्यायची कशी, याचा विचार करत होतो.

हार्लन ओडेगार्ड माझा शेजारी. एकतीस वर्षं आम्ही शनिवारी नदीकाठच्या चढावर चाकाला चाक लावून गेलो. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि तो मोटरची सायकल घेऊन मंडळात आला. कॉफीच्या टेबलाशी मी उभा राहून सातवा नियम वाचला. खणखणीत आवाजात, स्वल्पविरामासकट. हार्लनने हातातला वेलचीचा पाव संपवला, बोटं पुसली, कप कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि गेला.

तेव्हापासून बर्फाची रेघ आहे. आमच्या गल्लीत जो आधी उठतो तो आपल्या दारासमोरचा फुटपाथ साफ करतो आणि न बोलता शेजाऱ्याच्या बाजूला दहा-बारा फूट पुढे जातो. हार्लन एकतीस वर्षं माझ्या पायऱ्यांपर्यंत यायचा. आता तो दोन घरांच्या हद्दीवर थांबतो. नुसता थांबत नाही, फावड्याने कड तासतो. भिंत बांधावी तशी सरळ. आमच्या भागात माणसं भांडत नाहीत, त्यामुळे ही शिवीच. मीही माझ्या बाजूने तशीच कड तासतो. माझी अधिक सरळ असते.

तर सायकल मी मागच्या गल्लीतून आणली आणि पाच दिवस गॅरेजमध्ये चादरीखाली ठेवली. रविवार आला. रविवारी दुपारचं जेवण झालं की चेनला तेल, हा माझा बेचाळीस वर्षांचा नेम. मी गॅरेजमध्ये गेलो, चादर वर सारली, स्टूल ओढलं, डाव्या हाताने पॅडल उलटं फिरवलं आणि उजव्या हाताने तेल सोडलं. डोकं तिथे नव्हतंच, ते हार्लनवर चिडत बसलं होतं. हिवाळी तेल, जाड, मधासारखं. अर्धी बाटली संपल्यावर वाटलं, आज चेन फारच शांत आहे.

सोमवारी सकाळी आर्डिसने ब्रेड आणायला पिटाळलं. जाताना सायकल कुरकुरली. येताना पट्ट्याने रस्त्यावरची सगळी वाळू आणि मीठ त्या तेलात गोळा केलं होतं आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याने गळा काढला. असा आवाज मी डुक्कर कापतानाही ऐकलेला नाही. कुत्री भुंकायला लागली. पॅडल थांबवावं तर गुडघा म्हणे चालता येणार नाही. मारावं तर सारी गल्ली खिडकीत.

हार्लन आपल्या दारात हद्दीची कड तासत होता. त्याने आधी सायकलकडे पाहिलं, मग बॅटरीकडे, मग माझ्याकडे. ही नजर मला दोन वर्षांत मिळाली नव्हती.

"रोल्फ."

"हार्लन."

"पट्ट्याला तेल घातलंस."

"नाही."

"टपकतंय."

दोन वर्षांत आमचं हे एवढंच बोलणं झालं, आणि त्यातही मी खोटं बोललो. त्याने फावडं भिंतीला लावलं आणि गॅरेजचं दार उघडलं. आत हीटर लावलेला होता. त्याने गरम पाण्याची बादली, भांड्यांचा साबण आणि जुना दातांचा ब्रश आणला आणि गुडघ्यावर बसला. माझ्या सायकलसमोर. मला ते बघवेना.

"मी धुतो, दे इकडे."

"हात लावू नकोस. आणखी काहीतरी घालशील. पोरगीने सांगितलं नव्हतं? याला तेल चालत नाही."

"सांगितलं असेल. मी चिडलो होतो."

"तू चिडलास की तुला ऐकू येत नाही, हे मला एकतीस वर्षं माहीत आहे." तो खसाखसा घासत होता. "आणि वाचता मात्र येतं. केवढ्याने वाचलंस त्या दिवशी! नियम मला माहीत नव्हता? टाइप मी केला होता, गाढवा. माझ्या बायकोच्या यंत्रावर."

"मग नियम मोडून आलास कशाला?"

"मोडायला नाही आलो! निरोप घ्यायला आलो होतो!" ब्रश बादलीत आपटला. पाणी माझ्या बुटांवर उडालं. "म्हटलं, वाचतील. वाचू देत. आठ जण बसलेत, एकजण तरी खुर्ची मागे सारेल आणि दारापर्यंत येईल. आणि येणारा तू असशील. तू स्वल्पविराम सांभाळत होतास!"

"मग असं बोलायचंस ना! दोन वर्षं बर्फ तासत बसलास!"

"तू काय करत होतास?"

"तासत होतो!"

आम्ही दोघे ओरडत होतो. आमच्या गल्लीत एवढ्या मोठ्याने कुणी बोललेलं मला आठवत नाही. हीटर घरघरत होता. हार्लनने पट्टा बोटांनी चाचपला आणि पुन्हा साबण लावला. चौथ्यांदा. त्याच्या शर्टाच्या गळ्यातून ऑपरेशनचा व्रण दिसत होता. मी तो आजवर पाहिलाच नव्हता, कारण हॉस्पिटलमध्ये मी गेलो होतो आणि खिडकीकडे बघत बोललो होतो.

 मी ताठ उभा राहिलो.

"हार्लन, या शनिवारी मी मंडळात जाईन. सातवा नियम मी मला स्वतःला वाचून दाखवीन. मोठ्याने. मग तो कागद सगळ्यांसमोर फाडीन आणि म्हणेन की रोल्फ टव्हेटन दोन वर्षं मूर्ख होता आणि त्याने आपला सर्वात—"

"कुणासमोर? तिथे आता फक्त चौघे येतात," तो म्हणाला. "त्यातल्या तिघांनी मोटरच्या घेऊन गॅरेजमध्ये लपवल्यात."

"तुला कसं माहीत?"

"पट्टे कोण धुतं त्यांचे? तिघांनीही तेल घातलं होतं."

त्याने पॅडल फिरवलं. चाक निःशब्द फिरलं, अगदी लाज आणणारं निःशब्द. त्याने टॉवेलला हात पुसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शनिवारी नऊ वाजता. नदीकाठी. चढावर मी थांबणार नाही."

"हार्लन, मला एवढंच म्हणायचंय की—"

"नको म्हणूस. ती बादली ओतून ये, आणि माझ्या फुटपाथवर ओतू नकोस, बर्फ होतो."