खड्डा नव्हता, पप्पा!

मी डाव्या स्केटची पाती बोलतेय. हो, तीच, जी सध्या कोपर स्टेशनजवळच्या एका स्वयंपाकघरात कोबी चिरते. हसू नका. माझ्या जिवावर दोन राष्ट्रीय विजेतेपदं आलीत.

जन्म माझा परदेशातला. तिथल्या कुणा मुलाचे पाय वाढले, म्हणून मी आणि उजवी सुशांतकडे आलो. सुशांत बर्फावर नाचतो. हवेत तीन फेऱ्या मारतो आणि एका पायावर उतरतो. आठवड्यातून दोनदा लांबच्या मॉलमधल्या बर्फावर सराव, बाकीचे दिवस गच्चीवर, चाकांचे स्केट घालून.

दोनदा देशात पहिला आला, तरी तळमजल्यावरचे बाळकाका विचारायचेच, "काय रे, घसरगुंडीत पहिला ना? त्यात नोकरीबिकरी लागते का?"

काका, मागच्या महिन्यात तुम्ही बाथरूममध्ये घसरलात. तुम्हाला दिलं का कुणी पदक?

तिसरी स्पर्धा वेगळी होती. जिंकेल तो एकटाच आशियाई स्पर्धेला जाणार होता. सुशांत सव्वीसचा, गुडघा कुरकुरणारा. पुढच्या वर्षीची खात्री नव्हती.

त्याआधी आली खंडेनवमी. सुशांतचे पप्पा तानाजीराव वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपात तीस वर्षं ग्राइंडरवर होते. पूजेआधी घरातल्या सगळ्या हत्यारांना धार लावायची, हा त्यांचा नेम. सुशांत बाहेर गेलेला. पप्पांनी कौतुकाने आम्हालाही बॅगेतून काढलं आणि माझ्यावरून अंगठा फिरवला.

"मालन, याच्या पातीला मधे खड्डा पडलाय गं! पोरगं बोललं पण नाही."

अहो, तो खड्डा नव्हता! माझ्या तळाला लांबभर पन्हळ असते, म्हणून तर मला दोन कडा. एकीवर आत वळायचं, दुसरीवर बाहेर. पण विचारायचं कुणाला? तीस वर्षांचा अनुभव! पप्पांनी मला घरच्या छोट्या ग्राइंडरवर घासून घासून विळीसारखी एकच धार काढली. उजवीची पाळी आली आणि वीज गेली. वाचली ती.

मग हळदकुंकू, झेंडू. पूजेनंतर दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, म्हणून सुशांतनेही आम्हाला पाहिलं नाही. स्पर्धा दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी. आईपप्पाही सोबत आलेले. तिथे त्याने माझ्यावर नख घासलं. नखाचा तुकडाच उडाला.

"पप्पा, हे कोणी केलं?"

"मीच! धार लावली. सरप्राइज!"

"खड्डा नव्हता तो, पप्पा! त्याच्यावरच तर उभा राहतो मी!"

मालनताईंनी डब्यातली काकडी माझ्यावर टेकवली. दोन तुकडे. "अगं बाई, काय कापते!"

"आई!!"

तेवढ्यात त्याचं नाव पुकारलं. दुसरी जोडी नव्हती. सुशांतने सगळा नाच उजवीवर केला. मी हवेतच. पुढे ढकलायला फक्त माझे टोकाचे दात. चार मिनिटं तो बगळ्यासारखा फिरत होता आणि परीक्षकांना वाटलं, ही नवी शैली.

शेवटच्या गिरकीला तोल गेला. त्याने मला टेकवलं. खरवसात सुरी शिरावी तशी मी बर्फात शिरले आणि रुतून बसले. सुशांत हात पसरून जागीच उभा, आणि नेमकं त्याच क्षणी संगीत संपलं. टाळ्याच टाळ्या!

पण पाय निघेना. "आलो रे!" करत पप्पा चपलांसकट बर्फावर धावले, आडवे झाले आणि थेट परीक्षकांच्या टेबलाला जाऊन लागले. घसरगुंडीतला पहिला नंबर खरा त्यांचा.

सुशांत अर्ध्या गुणाने जिंकला. नव्या जोडीवर आशियाई स्पर्धेला गेला, सातवा आला. पठ्ठ्या खूश होता. मालनताईंनी मला पाटाला ठोकून घेतलं.

यंदाच्या खंडेनवमीला पप्पा नवी स्केट हातात घेऊन दारात उभे राहिले.

"सुशांत, हिलाही खड्डा आहे. असू दे ना?"

"असू दे, पप्पा."

"फुलं तरी वाहू?"

"वाहा की."

एवढंच हवं होतं हो! मोठ्यांनो, आमच्यात कुठे खड्डा दिसला तर लगेच ग्राइंडर काढू नका. आधी विचारा. कदाचित आम्ही त्याच्यावरच उभे असू.

आणि बाळकाका, नोकरी लागते. मला लागली.