दोन्ही मशीनींत हजर

अभिमन्यू तांदळे सोमवारी दुपारी साखर कारखान्याच्या वजनकाट्यासमोर मेला. मंगळवारी असं ठरलं की तसं काही झालेलंच नाही. तेव्हा आपणही ते बाजूला ठेवू आणि कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या प्रविणकडे वळू, कारण तो इकडे शिडीवर चढलेला आहे आणि शिडी धरणारा माणूस तंबाखू मळायला निघून गेला आहे.

शिडी मुख्य ऑफिसच्या भिंतीला टेकवलेली होती. केबलचं एक टोक प्रविणनं दातांत धरलं होतं. दुसरं टोक रस्त्यापलीकडे, काटाघराच्या भिंतीवरून लोंबत होतं. मधल्या रस्त्यावर एका जागी पांढरी फक्की टाकलेली होती. ती कशावर टाकली हे कुणी बोलत नव्हतं. सकाळपासून उसाच्या ट्रॉल्या तिच्यावरून जाऊन जाऊन आता ती मळकट झाली होती आणि आणखी एक-दोन दिवसांत कारखान्यातल्या बाकीच्या मातीत मिसळून जाणार होती.

"उंच बांध बे जराशी," काटाघराच्या दारातून राधाकिशन ओरडला. तो काट्यावरचा क्लार्क. ट्रॉली काट्यावर चढली की वजन संगणकात भरायचं आणि ड्रायव्हरला चिठ्ठी द्यायची, एवढंच त्याचं काम. "मागच्या बारीला लई खाली..."

पुढचं तो बोलला नाही. प्रविणच्या तोंडात केबल होती, त्यामुळे त्यालाही उत्तर द्यावं लागलं नाही.

केबल मागच्या बारीला खरंच खाली होती. ती ऑगस्टमध्ये बांधली होती आणि ऑगस्टमध्ये कारखाना बंद असतो. जमिनीतून न्यायची होती, पण चर खोदायचं काम कुणाच्या माणसाला द्यायचं यावर संचालक मंडळाचं एकमत होईना. म्हणून 'तात्पुरती' वरून टाकली. उंची बरोबर आहे का हे बघायला चेअरमन विठ्ठलरावांची जीप खालून नेली. जीप आरामात गेली, बॉनेटवरच्या झेंड्यासकट. सगळ्यांनी माना डोलावल्या. हंगामात त्याच रस्त्यानं कारखान्याच्या दारातून उसानं शिगोशीग भरलेली ट्रॉली येते आणि त्या उसावर एक माणूस बसलेला असतो, हे तिथल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. पण ऑगस्टमध्ये कुणाला आठवलं नाही. प्रविणलाही नाही, आणि तो वडवणीचा. त्याचं निम्मं गाव दरवर्षी ऊस तोडायला जातं.

केबल कशाला हवी होती, तर कारखान्याचा संगणक बंद पडू नये म्हणून.

आधी एकच मोठी मशीन होती. तिच्या पोटात प्रत्यक्षात नसलेल्या तीन मशीनी चालायच्या: एक वजनाची, एक हजेरीची, एक पगाराची. नसलेल्या मशीनींची मोठी सोय असते. त्यांना मरण नसतं. एक पोट बंद पडलं तर त्या दुसऱ्या पोटात उठून बसतात, फक्त दोन्ही पोटांत तोच माल पाहिजे. मोठे कारखाने तो माल ठेवायला एक वेगळी पेटी विकत घेतात. तिची किंमत ऐकून विठ्ठलरावांनी हातातला चहा खाली ठेवला होता.

"पेटी नको आण्णा," प्रविण तेव्हा म्हणाला होता. "दोन साध्या मशीनी घेऊ. प्रत्येकीच्या स्वतःच्याच डिस्का. एकीनं लिहिलं की दुसरीनं त्याच घडीला लिहायचं. एक हापिसात, एक काटाघरात. कोयत्यासारखं."

हे विठ्ठलरावांना लगेच समजलं. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दोघांतलं एकच आलं तर तो अर्धा कोयता.

"म्हंजे एक आजारी पडलं तरी दुसरं काम ओढतंय."

"हां. फक्त तिसरी एक बारकी मशीन लागंल. दोघींचं बोलणं तुटलं तर प्रत्येकीला वाटतं दुसरी मेली. मग खरी कोणती धरायची, ते तिसरीनं सांगायचं."

"नवरा-बायकोत तिसरं माणूस? घर मोडायचं का आपल्याला?"

संचालक मंडळ हसलं. तरीही प्रविणनं एक जुना संगणक पुसून-पासून चेअरमनच्या केबिनमध्ये कोपऱ्यात बसवला, आणि तो महिनाभर चालला. मग संस्थापकांची पुण्यतिथी आली. संस्थापक म्हणजे विठ्ठलरावांचे वडील. त्यांच्या फोटोला दिव्यांची माळ लावायची होती आणि केबिनमध्ये प्लगची जागा एकच होती. तिसऱ्या मशीनीचा प्लग निघाला आणि माळ लागली. पुण्यतिथी झाली तरी ती काढायची हिंमत कुणात नव्हती. त्यामुळे अख्ख्या कारखान्यात एक क्षणही बंद न पडणारी गोष्ट एकच राहिली: मेलेल्या माणसाचा फोटो.

तिसरी बंद असताना एकदा केबल सैल झाली आणि नियमाप्रमाणे दोन्ही मशीनी गुपचूप थांबल्या. काटा थांबला, ट्रॉल्यांची रांग पार हमरस्त्यापर्यंत गेली. विठ्ठलरावांनी फोनवर प्रविणच्या आईची चौकशी केली, ती प्रेमानं नव्हती. त्यावर प्रविणनं तो नियमच काढून टाकला. आता बोलणं तुटलं तर जिनं तिनं स्वतःला खरं मानून काम चालू ठेवायचं.

सोमवारी बोलणं तुटलं. ज्या गोष्टीनं तुटलं ती ट्रॉलीवरून खाली फक्कीच्या जागेवर पडली.

मशीनींनी मात्र ठरल्याप्रमाणे केलं. काटाघरातलीला वाटलं ऑफिसातली मेली, ऑफिसातलीला वाटलं काटाघरातली मेली, आणि दोघींनीही काम न थांबवता आपापला सोमवार लिहिला. काटाघरात राधाकिशननं ट्रॉलीच्या नोंदीत शेरा मारला: 'काट्यासमोर केबल लागून वरील इसम पडून मयत, अभिमन्यू तांदळे.' ऑफिसात हजेरीच्या मशीननं त्याच अभिमन्यूला, फडावर, बायकोसह, पूर्ण कोयता, हजर लावलं.

मंगळवारी दुपारी केबल जोडून झाली. प्रविण ऑफिसात मशीन ठेवलेल्या, एसीच्या काचेच्या खोलीत येऊन बसला. मागे विठ्ठलराव उभे राहिले. ते या खोलीत एरवी कधी येत नसत, थंडीनं त्यांचे गुडघे धरत.

पडद्यावर प्रश्न आला होता. दोन प्रती जुळत नाहीत. कोणती ठेवायची? दुसरी पुसली जाईल.

"खरी कोणती रे?" विठ्ठलरावांनी विचारलं.

"दोन्ही खऱ्या हायत आण्णा."

"दोन्ही कशा असतील? कालचा सोमवार एकच होता."

प्रविणनं दोन्ही सोमवार पडद्यावर शेजारी शेजारी उघडले.

"काटाघराची पुसली तर काय जाईल?"

"काल केबल तुटल्यापासूनची वजनं."

"त्याच्या चिठ्ठ्या असतील की ड्रायव्हर लोकांकडं."

"हायत. बघून पुन्हा भरता येतील."

"मग अडलं कुठं?"

प्रविणनं शर्टाच्या बाहीनं कीबोर्ड पुसला. कीबोर्ड स्वच्छ होता.

"एका ओळीची चिठ्ठी न्हाई, आण्णा."

विठ्ठलरावांनी वाकून पडद्यावरचा राधाकिशनचा शेरा वाचला. मग त्यांनी प्रविणच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता आणि ऊबदार होता.

"पोरा, ट्रॉली फडातच कलंडली. ड्रायव्हरला आता नीट आठवतंय. आन् ती केबल... बांधली कुणी, हे कारखान्यानं कुणाला विचारलंय का अजून?"

प्रविणनं बटण दाबलं. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली, सावकाश, आणि काटाघरातला सोमवार ऑफिसातल्या सोमवारासारखा होत गेला. विठ्ठलराव पट्टी संपायची वाट न बघता गेले. गुडघे धरले होते.

त्यानंतर सगळं फार झटपट झालं. चर खोदायच्या कामावर मंडळाचं एकमत झालं आणि केबल दुसऱ्याच दिवशी जमिनीत गेली. चेअरमनच्या केबिनमध्ये प्लगची आणखी एक जागा झाली. तिसरी मशीन सुरू झाली आणि तिनं पहिल्याच मिनिटाला सांगितलं की दोघी एकमेकींशी तंतोतंत जुळतात, कसलीही तक्रार नाही. अभिमन्यूसाठीसुद्धा कारखान्यानं कमी केलं नाही. सोमवारी संध्याकाळीच गावी न्यायला जीप दिली, लाकडं दिली. फक्त कागद दिला नाही.

पुढच्या आठवड्यात मंजुषा आली. अभिमन्यूची बायको.

तिनं चपला काचेच्या दाराबाहेर काढल्या आणि आत येऊन थंडीनं पदर अंगाभोवती घेतला. उसाच्या पात्यांनी तिचे हात कोपरापर्यंत चिरलेले होते. कपाळ मोकळं होतं. प्रविण उठून उभा राहिला, मग आपण का उठलो असं वाटून बसला, मग पुन्हा उठला.

"बसा वहिनी."

"बसायला न्हाई आले." ती खोलीभर बघत राहिली. "ती मशीन कोणती?"

त्यानं कोपऱ्यातल्या काळ्या खोक्याकडे बोट दाखवलं. तिला ती मोठी असेल असं वाटलं असावं.

"ग्रामसेवक म्हणतो, माणूस कारखान्यात मेला तर कारखान्याची नोंद आणा, मग मी दाखला देतो. हापिसवाले म्हणत्यात, मशीनीत तो जित्ता हाय, आमी खोटं कावून लिहावं? आन् आमच्या टोळीचा बंकट मुकादम म्हणतो, मशीनीत दोघं हजर, तर तोडणी बी दोघांचीच भरली पायजे." तिच्या आवाजात भांडण नव्हतं. भांडून झालेलं होतं. "तुमी बघा की एकडाव."

प्रविणनं बघितलं. काय दिसणार हे माहीत असूनही हजेरीची मशीन उघडली, नाव टाकलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. खाली खाली आजपर्यंत. पूर्ण कोयता, हजर. मंजुषाला मुकादमानं मंगळवारीच फडावर परत आणलं होतं. ती कामावर आली की कोयता आला, आणि कोयता आला की दोघं आले. मशीनीला तसंच शिकवलेलं होतं. प्रविणनंच.

"हजर दिसतंय," तो म्हणाला.

"दुसरी बी एक मशीन हाय म्हणं, काट्यावर. राधाकिशनभाऊ म्हणाले, त्यांनी तिच्यात लिहिलं होतं."

"दोन्हीत एकच असतं आता."

"एकीत बी मेलेले न्हाईत?"

"न्हाई."

पंख्यांची घरघर चालू होती. तिनं वाकून खोक्यामागची वायर बघितली.

"वायर खाली पुरली म्हणं."

"हो."

"बरं केलं," ती म्हणाली. मग हाताकडे बघत, दुसऱ्याच कुणाला सांगावं तसं बोलली, "तोडायचं होतंय वो. दोघांचं बी ओढीन मी. पर मोळी बांधली की ती उचलून डोक्यावर द्यायला कुणीतरी लागतंय. बाकीचे आपापल्या घाईत. काल तर मोळीपाशी नुसती उभी ऱ्हायले."

प्रविणनं पडद्यावरची हजेरी मिटली.

"एक अर्ज लिहून द्या," ती म्हणाली.

"कशाचा?"

तिनं सांगितलं. त्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, ती चेष्टा करत नव्हती. ऑफिसच्या भाषेत बसवायला त्याला वेळ लागला. पहिल्याच ओळीपाशी त्याची बोटं अडली.

"नावाच्या आधी... सौ. लिहू, का श्रीमती?"

"तुमच्या मशीनीत काय हाय?"

त्यानं सौ. लिहिलं. छापील कागद तिनं दोन्ही हातांनी घेतला, सावकाश सही केली आणि ओला धुतलेला कपडा धरावा तसा अंगापासून लांब धरून ती चेअरमनच्या केबिनकडे गेली. तिथे शिपायानं तो आवक टेबलावर, संस्थापकांच्या फोटोखाली ठेवला. माळेचे दिवे त्याच्यावर लाल-हिरवे होत राहिले.

मा. चेअरमन साहेब यांचे सेवेशी,

अर्जदार: सौ. मंजुषा अभिमन्यू तांदळे, ऊसतोड मजूर.

विषय: पतीस घरी सोडणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज करते की, माझे पती श्री. अभिमन्यू तांदळे हे आपल्या कारखान्याच्या दोन्ही मशीनींतील नोंदीप्रमाणे हयात असून आजअखेर अखंड कामावर हजर आहेत. मागील सोमवारपासून ते कोपीवर (झोपडीवर) परतलेले नाहीत. अर्जदारास एकटीने मोळी डोक्यावर घेता येत नाही. तरी मेहेरबान साहेबांनी त्यांची हजेरी एक दिवसापुरती थांबवून, त्यांना आज अंधार पडण्यापूर्वी घरी पाठवण्याची व्यवस्था करावी, ही नम्र विनंती.