ओळंब्याने केलेलं वाकडं काम

धंद्यातली माणसं त्या प्लंबरला ओळंबा म्हणायची. भिंत सरळ उठतेय का ते बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो ओळंबा. या गड्याला वाकडं म्हणून काही खपायचं नाही. लोकांच्या घरी नळ दुरुस्त करायला जायचा आणि निघताना त्यांच्या भिंतीवरचे फोटो सरळ करून यायचा. त्याची बायको तर म्हणायची, यांच्याशी संसार म्हणजे रोज परेड.

त्या दिवशी तो काकूंच्या स्वयंपाकघरातला गळका नळ बदलायला गेला होता. हात धुताना खिडकीतून मागची बाग दिसली. बागेच्या मधोमध सिमेंटचं कारंजं, पण कोरडं ठणठणीत, हौदात नुसता पाचोळा.

"ते बंद का ठेवलंय, काकू?"

"आमच्या ह्यांनी केलेलं ते, स्वतःच्या हातांनी. ते गेले आणि त्याच वर्षी पाइप फुटला. मग कोण बघणार?" काकूंची नजर काही खिडकीवरून हलेना. "पुन्हा तसं उडालेलं बघायचं होतं एकदा. बाकी काही नाही."

झालं, एवढं त्याला पुरे होतं. पुढच्याच रविवारी स्वारी सुट्टी सोडून पाना, करवत आणि नवा पाइप घेऊन हजर. मजुरीचं नाव काढायचं नाही, हे त्याने दारातच बजावलं.

खणायला घेतलं आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. काका बँकेत कारकून होते, हे त्यांच्या कामावरून कोणीही सांगितलं असतं. दोन वेगळ्या मापांचे पाइप, मध्ये सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि वरची तोटी तिरकी बसवून तिच्यावर भरपूर सिमेंट थापलेलं. ओळंब्याने सगळं उखडून टाकलं, नवं बसवलं, चारही बाजूंनी डोळा लावून तपासलं. दुपारी कॉक उघडला. पाणी सरळसोट वर गेलं आणि छत्रीसारखं गोल पसरून हौदात पडलं. त्याची छाती काय फुगली म्हणता!

"छान झालं," काकू म्हणाल्या. "फारच छान. ह्यांना इतक्या वर्षांत जमलं नाही ते तुम्ही एका सकाळीत केलंत." आणि चहा टाकते म्हणून घाईघाईने आत गेल्या. चहा काही बाहेर येईना.

कारंज्यासमोरच्या बाकावर काकूंच्या नणंदबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आत रडत असेल ती. तुमचं काही चुकलं नाही हो. पण माझ्या भावाचं कारंजं कधी सरळ उडालंच नाही. पाणी यायचं ते थेट या बाकावर. संध्याकाळी दोघं इथे बसायची, भिजायची, आणि वहिनी त्याची खरडपट्टी काढायची. तो म्हणायचा, येत्या रविवारी करतो सरळ. असे किती रविवार गेले."

"मग मला आधी सांगायचं ना, ताई."

"तुमचा उत्साह बघून जीभ रेटेना."

आपण पाण्याबरोबर काकांनाही सरळ करून टाकलं की काय, असं ओळंब्याला वाटलं. त्याने पाना उचलला आणि तोटी वाकवली. पण जन्मभर सरळ चाललेला हात तो. पाणी बाकाकडे गेलं खरं, पण काय ती सुंदर कमान.

"छे, इतकं देखणं नव्हतं," नणंदबाई म्हणाल्या. "ते आधी खोकायचं. मग एकदम अंगावर यायचं."

त्याने सांधा ढिला केला. तोटी अर्धी चेपली. शेवटी दातओठ खात सायकलची जुनी ट्यूब शोधून गुंडाळली, आणि कोणी धंद्यातलं बघत नाही ना, म्हणून कुंपणापलीकडे नजर टाकली.

काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. डोळे लाल होते, पण चेहरा हसरा ठेवलेला. नणंदबाईंनी त्यांना बाकावर बसवलं आणि स्वतः शहाण्यासारख्या लांब उभ्या राहिल्या. ओळंब्याने कॉक उघडला. कारंजं दोनदा खोकलं, थुंकलं आणि भसकन बाकावर आलं. चहा, चष्मा, काकू, सगळं चिंब.

काकूंनी चष्मा काढला. कारंज्याकडे बघत राहिल्या.

"किती वेळा सांगितलं तुम्हाला," त्या कडाडल्या, "आधी ते सरळ करा म्हणून. माणसाने दोन घटका धड बसायचंच नाही का इथे?"

ओळंब्याला घाम फुटला. तो पाना घेऊन धावला, तशी नणंदबाईंनी त्याची बाही धरली.

"तुम्हाला नाही हो," त्या हळूच म्हणाल्या.

काकू बाकावरून उठल्या नाहीत. पाणी अंगावर घेत त्या बोलतच राहिल्या, कितीतरी दिवसांचं. ओळंब्याने पाना पिशवीत ठेवून दिला.